विकत घेतलेलं गाणं आणि त्याची दुसरी प्रत

मागच्या रविवारी नव्वद मिनिटांची एक कॅसेट संगणकात उतरवायला बसले. कॅसेटला घाई करता येत नाही. एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची असेल तर पंचेचाळीस मिनिटं ती वाजू द्यावी लागते आणि तेवढा वेळ जवळ बसून राहावं लागतं, फीत कुठे गुंतली तर लगेच बंद करता यावी म्हणून. आधी चाकात पेन्सिल घालून ढिली पडलेली फीत ताणून घेतली. मग कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन टेपचं हेड पुसलं. बोळा तपकिरी झाला. ती तपकिरी पूड म्हणजे फितीवरचा लोहाच्या ऑक्साइडचा थर, आणि आवाज राहतो तो त्याच थरात. दर वेळी कॅसेट वाजते तेव्हा गाणं चिमूटभर झडतं.

शेजारी बसलेल्या भाचीने विचारलं, "मावशी, हे चालतं का पण? आम्हाला शाळेत सांगितलंय, गाणी कॉपी करणं म्हणजे चोरी."

"अगं, ही माझीच कॅसेट आहे. पैसे देऊन घेतलेली."

"मग आपली असली तर चालतं, असं लिहिलंय का कुठे?"

खोक्यातला कागद काढून वाचला. बारीक अक्षरात उलटंच छापलेलं होतं: परवानगीशिवाय नक्कल करण्यास मनाई आहे. तिचा प्रश्न आज पुष्कळांना पडतोय. नव्या लॅपटॉपना सीडी घालायची फटच नसते, जुने प्लेअर दुरुस्त करणारे मिळत नाहीत, आणि कपाटभर कॅसेट, तबकड्या, सीडी तशाच पडून आहेत. त्यातलं संगीत फोनमध्ये घ्यावं तर आपण गुन्हा करतोय का? आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ते योग्य आहे का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं दर वेळी जुळतातच असं नाही.

## आपण विकत काय घेतो?

सीडी विकत घेतली म्हणजे ती चकती, तिचं खोकं आणि आतला कागद आपला झाला. ती कुणाला द्यावी, विकावी, मोडून टाकावी, कुणी विचारणार नाही. चकतीवरचं गाणं मात्र आपलं झालेलं नसतं. पुस्तक घेतल्यावर कागद आपला होतो, पण पुस्तक छापण्याचा हक्क आपल्याकडे येत नाही. तसंच हे.

हा छापण्याचा, नक्कल काढण्याचा हक्क म्हणजे कॉपीराइट. मराठीत त्याला स्वामित्वहक्क किंवा प्रताधिकार म्हणतात. प्रताधिकार हा शब्द मला जास्त नेमका वाटतो, कारण प्रत काढण्याचा अधिकार ही सगळी भानगड त्या एका शब्दात आली. गाण्यात हे अधिकार एकावर एक रचलेले असतात. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, आणि स्टुडिओत झालेलं ध्वनिमुद्रण तिसऱ्याचं, बहुतेकदा कंपनीचं. आपण एक गाणं उतरवतो तेव्हा या तिघांच्याही हक्काला हात लागतो.

भाचीला मी किल्लीचं उदाहरण दिलं. समजा, एक मोठं घर आहे आणि त्यात हवं तेव्हा जाऊन बसण्याची किल्ली आपण पैसे देऊन घेतली. किल्ली आपली आहे, घर आपलं नाही. किल्ली दुसऱ्याला दिली तर त्याला जाता येईल, पण आपल्याला नाही. इथवर तक्रार कुणाचीच नाही. आता ही किल्ली गंजायला लागली म्हणून तशीच दुसरी करून घेतली आणि दोन्ही आपल्याच खिशात ठेवल्या, तर घरमालकाचं काही बिघडलं का? आणि दुसरी किल्ली शेजाऱ्याच्या हातात ठेवली तर? सगळा वाद या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत आहे.

किल्ली स्वतः विकण्याबद्दल मात्र कायदा पूर्वीपासून स्वच्छ आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्येच एका पुस्तकाच्या खटल्यात सांगितलं की एकदा प्रत विकली की ती पुढे किती किमतीला विकायची हे प्रकाशकाने ठरवायचं नाही. जुन्या पुस्तकांचा आणि जुन्या तबकड्यांचा बाजार चालतो तो याच तत्त्वावर. हे तत्त्व हातात आलेल्या त्या एका प्रतीपुरतं आहे. दुसरी प्रत काढायची मुभा त्यातून मिळत नाही.

## घरातली प्रत ही अडचण कधी झाली?

प्रताधिकाराचे कायदे झाले तेव्हा प्रत काढायला छापखाना लागायचा. छापखाना घालणारा माणूस धंदा करणाराच असणार, त्यामुळे प्रत आणि धंदा या दोन गोष्टी कायद्याने एकच धरल्या. घरात बसलेला श्रोता प्रत काढू शकेल ही कल्पनाच नव्हती. टेपरेकॉर्डर घरी आला आणि हे गणित मोडलं.

जर्मनीत काय झालं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण आजचा निम्मा वाद तिथे सत्तर वर्षांपूर्वीच होऊन गेलाय. १९५५ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ठरवलं की घरी टेपवर संगीत उतरवणं हेही हक्कधारकांच्या परवानगीचंच काम आहे. निकाल लागला खरा, पण तो अमलात कसा आणायचा? संगीतकारांच्या वतीने मानधन गोळा करणाऱ्या गेमा या संस्थेने मागणी केली की टेपरेकॉर्डर घेणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र दुकानदाराने बघावं आणि माहिती कळवावी. हे प्रकरणही न्यायालयात गेलं. १९६४ मध्ये न्यायालयाने ती मागणी फेटाळली: ओळखपत्रं गोळा करून पुढे करणार काय, लोकांच्या घरात शिरून बघणार? घराच्या उंबऱ्याला घटनेचं संरक्षण आहे.

मग १९६५ च्या नव्या कायद्याने मधला मार्ग काढला. स्वतःसाठी खुशाल प्रत काढा, पण टेपरेकॉर्डरच्या किमतीत थोडी रक्कम धरली जाईल आणि ती संगीत करणाऱ्यांना वाटली जाईल. घरात कुणी डोकवायचं नाही आणि कलावंताचे पैसेही बुडवायचे नाहीत. मला ही तडजोड आजही सगळ्यांत प्रामाणिक वाटते. युरोपात पुढे बहुतेक देशांनी तिचं अनुकरण केलं. कोऱ्या सीडी, हार्ड डिस्क, काही देशांत फोनसुद्धा, यांच्या किमतीत असा आकार, म्हणजे शुल्क, धरलेला असतो.

तिच्यात एक खोट आहे. कोऱ्या डिस्कवर घरच्या लग्नाचे फोटो ठेवणाऱ्यानेही तो आकार भरायचा का? २०१० मध्ये युरोपीय न्यायालयाने एका स्पॅनिश खटल्यात सांगितलं की कंपन्या आणि कचेऱ्या ज्या वस्तू उघडच कामासाठी घेतात, त्यांच्यावर हा आकार सरसकट लावता येणार नाही. घरगुती ग्राहकाबद्दल मात्र तो प्रती काढत असेल असं धरून चालता येईल. फोटोवाल्याची तक्रार तशीच राहिली.

डिजिटल काळात अडचण आणखी वाढली. टेपवरची प्रत मुळापेक्षा थोडी घाण यायची, प्रतीची प्रत आणखी घाण, त्यामुळे नक्कल आपोआप थकायची. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाच्या लहरीची उंची मोजली जाते आणि प्रत्येक माप १६ बिटांच्या आकड्यात लिहिलं जातं, दोन्ही बाजूंच्या स्पीकरसाठी वेगवेगळं. मिनिटाला साधारण दहा मेगाबाइट आकडे. आकड्यांची नक्कल आकड्यांइतकीच चोख, हजारावी प्रतही पहिल्यासारखी. एमपी-थ्रीने तेच मिनिट सुमारे एक मेगाबाइटमध्ये बसवलं आणि मग गाणं पाठवणं चिठ्ठी पाठवण्याइतकं सोपं झालं. कंपन्या घाबरल्या त्या उगाच घाबरल्या नाहीत, हे मान्य करायला हवं.

## कायदा काय म्हणतो?

कायदा देशागणिक वेगळं सांगतो, आणि हा गोंधळ वाचकाच्या डोक्यातला नाही, खरोखरचा आहे. मुळाशी १८८६ चा बर्न करार आहे. त्यात १९६७ मध्ये आलेल्या एका कलमाने देशांना प्रत काढण्याची सूट देण्याची मुभा दिली, पण तीन अटींवर: सूट काही विशिष्ट प्रसंगांपुरती हवी, तिने त्या कृतीच्या नेहमीच्या विक्रीला धक्का लागू नये, आणि हक्कधारकाचं अवाजवी नुकसान होऊ नये. या अटी वाचून प्रत्येक देश आपापल्या उत्तरावर पोहोचला.

अमेरिकेत १९८४ मध्ये व्हिडिओ रेकॉर्डरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. नंतर बघण्यासाठी टीव्हीवरचा कार्यक्रम घरी उतरवून ठेवणं हा रास्त वापर, म्हणजे परवानगीशिवायही कायद्याला मान्य असलेला वापर आहे, असं न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर घरातला रेकॉर्डरच संकटात आला असता. १९९२ च्या कायद्याने ठराविक उपकरणांवर घरगुती, बिनधंद्याची प्रत काढणाऱ्या श्रोत्यावर दावा लावायला बंदी घातली आणि बदल्यात त्या उपकरणांवर आकार बसवला. संगणक मात्र त्या व्याख्येतून सुटला. १९९९ मध्ये एका छोट्या एमपी-थ्री प्लेअरवर कंपन्यांनी खटला भरला आणि त्या हरल्या. न्यायालयाने म्हटलं की आपल्याच संगणकातली गाणी बरोबर नेता यावीत म्हणून हे यंत्र ती फक्त दुसऱ्या जागी ठेवतं, आणि हा घरगुती वापराचा नमुनाच आहे. पुढे २००५ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात खुद्द ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या वकिलाने सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितलं की विकत घेतलेली सीडी संगणकात आणि तिथून प्लेअरमध्ये घेणं पूर्णपणे कायदेशीर आहे. तरी "स्वतःच्या सीडीची प्रत चालेल" असं थेट एका ओळीत अमेरिकेच्या कायद्यात आजही लिहिलेलं नाही.

ब्रिटनची गोष्ट याहून चमत्कारिक. तिथे स्वतःची सीडी फोनमध्ये घेणं बेकायदा होतं. २००६ आणि २०११ च्या सरकारी अहवालांनी सांगितलं की हे बदला. १ ऑक्टोबर २०१४ ला तो बदल झाला आणि लोक कायद्याच्या आत आले. पण संगीतकारांच्या संघटना न्यायालयात गेल्या. सरकारने भरपाईची काहीच सोय केली नव्हती. सरकारचं म्हणणं असं की गिऱ्हाईक घरी प्रत काढणार हे विकणाऱ्याला ठाऊकच असतं आणि त्याने ते किमतीत धरलेलं असतं, मग वेगळं नुकसान कसलं? न्यायालयाने तत्त्व चुकीचं ठरवलं नाही. ते म्हणालं, तुमच्याकडचा पुरावा अपुरा आहे. जुलै २०१५ मध्ये सूट रद्द झाली. जे काम जवळपास दहा महिने कायदेशीर होतं ते पुन्हा बेकायदा झालं, आणि लोक आधी, मधे आणि नंतर तेच करत राहिले.

ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये, न्यूझीलंडने २००८ मध्ये आणि कॅनडाने २०१२ मध्ये सरळ लिहून टाकलं: वस्तू तुमची असेल आणि वापर खाजगी असेल तर प्रत काढा. अटी वेगवेगळ्या आहेत. न्यूझीलंडमध्ये एका उपकरणासाठी एकच प्रत. कॅनडात डिजिटल कुलूप तोडून काढलेल्या प्रतीला ही सूट नाही, आणि कोऱ्या सीडीसारख्या माध्यमांवर संगीत उतरवण्यासाठी आकाराची वेगळी व्यवस्था त्याआधीपासून आहे.

भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या कलम ५२ मध्ये कशाने हक्कभंग होत नाही याची यादी आहे, आणि तिच्या सुरुवातीलाच खाजगी किंवा व्यक्तिगत उपयोगासाठी केलेला रास्त वापर आहे. पूर्वी ही ओळ साहित्य, नाटक, संगीतरचना आणि चित्र-शिल्पासारख्या कलाकृतींपुरती होती. ध्वनिमुद्रण तिच्यात नव्हतं. २०१२ च्या दुरुस्तीने तिथे "कोणतीही कृती" असे शब्द आले, संगणक-प्रणाली तेवढी वगळली. शिवाय एक स्पष्टीकरण जोडलं गेलं की या कारणांसाठी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं हा हक्कभंग नाही. भाचीच्या "लिहिलंय का कुठे" याला इतकं जवळचं उत्तर फार कमी देशांत सापडतं. रास्त म्हणजे किती, हे मात्र कायद्याने आकड्यात सांगितलेलं नाही. ते प्रसंग बघून न्यायालयाने ठरवायचं.

## "चोरी" हा शब्द इथे बसतो का?

माझी छत्री कुणी नेली तर मी भिजते. माझ्या कॅसेटची मी प्रत काढली तर कुणाच्या हातातून काही जात नाही. म्हणून चोरी हा शब्द इथे नीट बसत नाही. पण तेवढ्यावरून प्रत काढण्यात गैर काहीच नाही असा निष्कर्ष काढणारे घाई करतात. गाणं करणाऱ्याचं पोट भरतं ते श्रोता मोबदला देतो म्हणून. सगळ्यांनी एकमेकांकडून प्रती घेतल्या तर गाणं कुणाच्याही हातातून जाणार नाही, पण पुढचं गाणं तयार होणार नाही.

मी स्वतःला एकच प्रश्न विचारते. ही प्रत काढल्यावर, पैसे न देता ते गाणं मिळालेला एखादा माणूस वाढला का? कॅसेट संगणकात उतरवून मीच ऐकणार असेन तर कुणी वाढला नाही. ऐकणारी तीच, गाणं तेच, गायिकेला मोबदला पोहोचलेला. ती फाइल मी पन्नास जणांना पाठवली तर पन्नास जण वाढले. या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे दिलं तर बहुतेक प्रसंगी काय करावं ते कळतं, आणि ते कळायला वकील लागत नाही.

यावर कंपन्यांची एक हरकत आहे आणि ती ऐकून घ्यायला हवी. नवं माध्यम आलं की लोक तेच संगीत पुन्हा विकत घेतात. सीडी आली तेव्हा असंख्य घरांनी तबकड्यांवर असलेलंच पुन्हा सीडीवर घेतलं, आणि त्या विक्रीवर हा धंदा काही वर्षं जोरात चालला. प्रत काढायला परवानगी दिली तर ही दुसरी विक्री बुडेल. हिशेब म्हणून हे खरं आहे. पण तीच सेवा दुसऱ्यांदा विकण्याचा हक्क त्यातून तयार होतो, हे मला पटत नाही. ध्वनिमुद्रण नव्याने स्वच्छ करून, न ऐकलेले भाग घालून कुणी आणलं तर त्या कष्टाचे पैसे द्यावेत, मी दिलेही आहेत. केवळ माझं यंत्र बदललं म्हणून मी पुन्हा पैसे देणं लागत नाही.

आणि वस्तू टिकतेच असं कुठे आहे? १९८८ ते १९९३ या काळात इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या एका कारखान्यात तयार झालेल्या पुष्कळ सीडी कडेकडून तांबूस होत गेल्या. आतला परावर्तक थर गंजला आणि शेवटी त्या वाजेनाशा झाल्या. घेणाऱ्याने त्या कितीही जपल्या असल्या तरी. सीडीवर चुका सुधारणारं गणित असतं, त्यामुळे नोंदीच्या रेषेवर अडीच मिलिमीटरपर्यंतचा खंडही प्लेअर भरून काढतो, आपल्याला कळतसुद्धा नाही. म्हणूनच खराब होत चाललेली सीडी आधी वाजत राहते, आणि हे गणित अपुरं पडतं तेव्हा एकदम अडते. वाजतेय तोवर प्रत काढून ठेवली तरच गाणं हाती राहतं.

## कंपनीने कुलूपच घातलं असेल तर?

काही सीडींना आणि फाइलींना कंपन्या डिजिटल कुलूप घालतात, म्हणजे ठराविक यंत्रावरच किंवा ठराविक वेळाच वाजू देणारी तांत्रिक अडवणूक. इथे कायदा एक विचित्र वळण घेतो. अमेरिकेत १९९८ च्या कायद्यानुसार असं संरक्षण भेदणं किंवा ते भेदणारी साधनं विकणं हा वेगळा गुन्हा आहे. प्रत काढणं रास्त असलं तरी तिथवर पोहोचण्याचा रस्ता बंद असू शकतो. भारतातलं कलम ६५-ए, हेही २०१२ चंच, थोडं समजूतदार आहे. हक्कभंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी तोडलं तर ते कलम लागत नाही.

कुलपाचा अतिरेक कुठवर जातो ते २००५ मध्ये दिसलं. सोनी बीएमजीच्या काही सीडी संगणकात घातल्या की एक प्रणाली गुपचूप बसायची आणि स्वतःला लपवायची. लपवण्याची युक्ती इतकी ढोबळ होती की नावाच्या सुरुवातीला एक विशिष्ट चिन्ह-शब्द असलेली कुठलीही फाइल दिसेनाशी व्हायची, मग ती व्हायरसची का असेना. एका संगणकतज्ज्ञाने ते उघडकीला आणलं आणि कंपनीला सीडी परत घ्याव्या लागल्या. यात सापडले ते दुकानात जाऊन पैसे मोजणारे. फुकट फाइल उतरवणाऱ्यांच्या संगणकाला काही झालं नाही. २००९ मध्ये ॲपलच्या दुकानातल्या गाण्यांवरचं कुलूप निघालं, ते यानंतरच्या काळातलं.

## "कॅसेट माझी आहे, मग तेच गाणं नेटवरून फुकट घेतलं तर?"

परिणाम तोच, कष्ट कमी, मग फरक काय? मला हा युक्तिवाद भावनेने पटतो, कायद्यात बसत नाही. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं की खाजगी प्रतीची सूट कायदेशीर स्रोतावरून काढलेल्या प्रतीलाच आहे. मूळच चोरटं असेल तर त्याची प्रत घरासाठी असली तरी सूट नाही. शिवाय तुमच्याकडची कॅसेट आणि नेटवरची फाइल ही बरेचदा वेगवेगळी ध्वनिमुद्रणं असतात, नंतर साफसफाई केलेली, कधी वेगळ्या मैफलीतली. आणि काही देवघेव-प्रणाली अशा असतात की गाणं उतरवता उतरवता तुमचा संगणक तेच दुसऱ्यांना पाठवत असतो. पैसे न दिलेला माणूस तिथे वाढतोच, तुम्हाला नकळत.

## "सीडी विकून टाकली आणि फाइल ठेवली तर?"

हे नाही चालत. किल्ली विकली आणि तिची नक्कल खिशात ठेवली असं झालं ते. कॅनडाच्या कायद्यात थेट लिहिलंय की मूळ वस्तू देण्याआधी किंवा विकण्याआधी सगळ्या प्रती नष्ट करा. ऑस्ट्रेलियातही मूळ वस्तू हातातून गेली की प्रत बेकायदा ठरते. कपाट रिकामं करताना लोक इथेच चुकतात, आणि चुकतात ते वाईट हेतूने नाही. जागा हवी असते, गाणी संगणकात आलेली असतात, सीडी रद्दीत किंवा कुणाला देऊन टाकतात. माझ्या मते मूळ सीडी खोक्यात भरून माळ्यावर टाकावी. जागा फार जात नाही.

## घरच्यांनी ऐकलं तर? क्लाउडवर ठेवलं तर?

एका घरात एकच कॅसेट सगळे ऐकतात, तशी एकच प्रत सगळ्यांनी ऐकली तर कुणाचा आक्षेप असू नये. दुसऱ्या गावी संसार थाटलेल्या मुलाला फाइल पाठवली तर किल्ली वेगळ्या घरात गेली. कायद्याच्या नजरेत रेघ इथे कुठेतरी पडते. ती पुसट आहे आणि मला ती आणखी ठळक काढून दाखवता येणार नाही. कार्यक्रमात, हॉटेलात किंवा दुकानात गाणं वाजवणं हा तर वेगळाच हक्क आहे. तिथे मूळ सीडी वाजवली तरी परवाना लागतो.

क्लाउडचा प्रश्न २००० मध्येच येऊन गेला. एमपी-थ्री-डॉट-कॉम या कंपनीने हजारो सीडी विकत घेऊन आपल्या संगणकांवर चढवल्या. तुम्ही तुमची सीडी एकदा संगणकात घालून दाखवायची, मग ती गाणी तुम्हाला कुठूनही ऐकता येणार. ऐकणाऱ्याकडे सीडी होती, गाणं तेच होतं, तरी कंपनी हरली. कारण प्रत तुम्ही काढलेली नव्हती, एका व्यवसायाने आपल्या धंद्यासाठी काढलेली होती. स्वतःच्या फाइली स्वतःच्या कुलूपबंद जागेत चढवून ठेवणं यापेक्षा वेगळं आहे, पण दुव्यावर टिचकी मारणाऱ्या कुणालाही त्या उघडत असतील तर ती जागा खाजगी राहिली नाही.

## नेटवर विकत घेतलेली गाणी, आणि स्ट्रीमिंग

फाइल विकत घेतली की ती सीडीसारखी पुढे विकता येईल, असं वाटणं साहजिक आहे. अमेरिकेत रीडिजी नावाच्या कंपनीने जुन्या फाइलींचा बाजार उघडला होता. विकणाऱ्याच्या संगणकातून फाइल पुसली जाईल अशी काळजीही घेतली होती. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने ते थांबवलं. फाइल एका संगणकातून दुसऱ्यात जाते म्हणजे तिथे नवी प्रत तयार होते, आणि प्रत काढण्याचा हक्क विकणाऱ्याकडे नाही. चकती हातोहात जाते, फाइल जाऊ शकत नाही.

स्ट्रीमिंगमध्ये तर विकत घेणं होतच नाही. महिन्याचे पैसे भरले की ऐकण्याची परवानगी, पैसे थांबले की परवानगी संपली. कंपनी आणि हक्कधारकाचा करार मोडला तर गाणं एका रात्रीत यादीतून जातं. ॲपमध्ये "डाउनलोड" म्हणून जे साठवतो तेही कुलपातच असतं. ते बाहेर काढून ठेवणं म्हणजे आपल्या वस्तूची प्रत काढणं नव्हे, कारण वस्तू आपली नाहीच. कॅसेट आणि सीडीवाल्यांना जो युक्तिवाद लागू पडतो तो इथे वापरता येत नाही. आवडतं संगीत कायमचं हवं असेल तर ते चकतीवर किंवा कुलूप नसलेल्या फाइलीत विकत घ्यावं, असं मी भाचीलाही सांगितलं.

## हा हक्क संपतो कधी?

भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो, युरोपात सत्तर. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने जुन्या ध्वनिमुद्रणांचा गुंता सोडवला आणि १९२३ पूर्वीची सगळी १ जानेवारी २०२२ ला खुली झाली. त्यानंतर ती कुणीही उतरवावी, वाटावी. एक खबरदारी मात्र हवी: ध्वनिमुद्रण खुलं झालं तरी चाल आणि शब्द खुले झालेलेच असतात असं नाही. भारतात त्यांवरचे हक्क कवीच्या आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतात, त्यामुळे तबकडीवरचा आवाज मोकळा आणि त्यातली चाल बांधलेली, असं होऊ शकतं.

माझ्या कॅसेटची दुसरी बाजू संध्याकाळी उतरवून झाली. मध्ये दोन ठिकाणी आवाज दबलेला आहे, तिथली फीत चुरगळलेली असावी, तो तसाच ठेवला. भाचीने फाइलीला नाव दिलं, कॅसेट खोक्यात घातली आणि वर चिकटपट्टी लावून लिहिलं: "उतरवली आहे, टाकू नये."